पालक मेळाव्याला बाप आणायचा कसा? नव्या सेविका-कार्यकर्त्यांसाठी

माझ्या बीटमधल्या (माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या) पहिल्या पालक मेळाव्यात चटईवर बसलेल्या साऱ्या आयाच होत्या. मी अहवालात लिहून टाकलं, 'वडिलांचा प्रतिसाद नाही.' हे वाक्य खोटं होतं हे कळायला मला वर्ष लागलं. त्या दिवशी अंगणवाडीच्या कुंपणाबाहेर, लिंबाखाली सात-आठ मोटारसायकली उभ्या होत्या. बायकोला आणि लेकराला सोडायला आलेले बाप दोन तास तिथेच बसले होते, मोबाइल बघत, खर्रा चघळत. आत या, असं त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं. मीही नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात मुख्यसेविका होते. महिला व बालविकास विभाग, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून 'आरंभ' हा उपक्रम सुरू केला, तो आधी आमच्या जिल्ह्यात आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या लेकरांशी बोला, खेळा, त्यांच्या हाकेला ओ द्या, एवढाच त्याचा गाभा. पालक मेळावा ही त्यातली मोठी गोष्ट: वयानुसार मांडलेले खेळ आणि ते लेकरासोबत खेळणारे आईबाप. बाप त्यात यावेत म्हणून मी बऱ्याच चुका केल्या. खाली लिहिलंय ते त्या चुकांतून आलेलं. तुम्ही नव्याने सेविका झाला असाल, संस्थेतर्फे गावात काम सुरू करत असाल किंवा बालवाडी चालवत असाल, तर यातलं जमेल ते उचला. कापसाचा पट्टा सोडून दुसरीकडे असाल तर हंगाम तेवढा तुमच्याकडचा धरा.

1. आधी बाप कुठे आहे ते बघा

कार्यक्रम ठरवण्याआधी आठ दिवस एक साधी वही करा. अंगणवाडीतल्या शून्य ते तीन वयाच्या प्रत्येक लेकरासमोर लिहा: वडील काय करतात, गावात असतात की बाहेर, दुपारी कुठे सापडतात, रात्री किती वाजता घरी येतात. सर्वेक्षण रजिस्टरमधून नाव मिळेल, बाकीचं मदतनीसताईंना विचारा. गावाची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते.

ही वही भरली की 'बाप येत नाहीत' हे एक वाक्य फुटून त्याचे चार-पाच तुकडे होतात. माझ्या एका गावात पस्तीस बापांपैकी नऊ जण पुण्याला कंपनीत होते. सहा जण रोज तालुक्याला मिस्त्रीकामाला जात आणि रात्री आठला परतत. दोघं ट्रकवर होते. राहिलेले अठरा गावातच. म्हणजे मला अठराच बाप आणायचे होते. पस्तिसांसाठी रडत बसण्यात अर्थ नव्हता.

वहीत एक रकाना 'वडील नाहीत' असाही ठेवा. त्याबद्दल पुढे बोलूच, पण तो रकाना पहिल्या दिवसापासून हवा.

2. आईला विचारल्याशिवाय बापाला बोलावू नका

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती.

अंगणवाडी ही कित्येक बायांसाठी घराबाहेरची एकमेव हक्काची जागा असते. तिथे त्या मोकळ्या बोलतात, पदर सैल सोडतात, लेकराला पाजतात. एक दिवस अचानक तिथे पुरुष येऊन बसले तर ती जागाच त्यांच्या हातून जाते. म्हणून आधी आयांच्या बैठकीत विचारा: यांना बोलवायचं का? बोलावलं तर तुमच्याबरोबर की वेगळं? त्यांनी लेकरासाठी घरी नेमकं काय करावं असं तुम्हाला वाटतं? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं लिहून घ्या. कार्यक्रमाचा विषय तिथेच मिळतो. मला मिळालेली उत्तरं फार साधी होती. 'रात्री लेकरू उठलं तर याने उचलावं.' 'मी सैपाक करते तवा अर्धा घंटा सांभाळावं.' 'डोस द्यायच्या दिवशी सोबत यावं.' कोणीही 'बालविकास' म्हटलं नाही.

याच वेळी एकेकटीशी बोलताना कुठल्या घरात मारहाण आहे, कुठे दारू आहे, तेही कळतं. त्या बाईच्या नवऱ्याला बोलवायचं की नाही, हे तिनेच ठरवू द्या. ती नको म्हणाली तर कारण विचारत बसू नका. मदत हवी असेल तर महिला हेल्पलाइन 181, लेकराचा प्रश्न असेल तर 1098 आणि तालुक्याचे संरक्षण अधिकारी (घरातल्या हिंसेत बाईला मदत करणारे सरकारी अधिकारी), हे तिघंही तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. मेळाव्यातल्या भाषणाने मारणारा नवरा सुधारत नाही. उलट मॅडमनी आपल्याबद्दल काय ऐकलंय याचा राग घरी जाऊन तो बायकोवर काढतो.

3. निरोप त्याच्या नावाने जाऊ द्या

आमच्या गावांत 'माता गट' नावाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होते. एकदा मी एका ग्रुपमधले नंबर तपासले, तर निम्म्याहून जास्त नंबर नवऱ्यांचे! घरात स्मार्टफोन एकच आणि तो त्याच्या खिशात. म्हणजे 'सर्व मातांनी उद्या 11 वाजता उपस्थित राहावे' हा निरोप इतके महिने बापच वाचत होता आणि 'आपल्यासाठी नाही' म्हणून पुढे सरकवत होता.

त्यामुळे:

- ग्रुपचं नाव बदला. 'आमची अंगणवाडी' पुरे.
- निरोपात 'पालक' शब्द वापरू नका. आपल्याकडे पालक म्हणजे आई असंच ऐकू येतं. 'आईने आणि बाबांनी' असं लिहा, किंवा नुसतं 'बाबांनी'.
- चिठ्ठी लेकराच्या नावाने द्या. 'अमुकचे बाबा यांस' असं लिहिलेली चिठ्ठी माणूस फेकत नाही. मोठ्या लेकरांना तिच्यावर रंगाचा हात उमटवायला लावा, म्हणजे ती घरच्या आरशाला चिकटते.
- प्रत्यक्ष बोलावणं मात्र हवंच. ते दूध डेअरीवर, सलूनमध्ये, पानटपरीवर, संध्याकाळी पारावर होतं. मुख्यसेविकेने टपरीवर उभं राहायचं का, असा प्रश्न मला एका सहकारीण बाईंनी केला होता. मी उभी राहिले. काही झालं नाही.

मी विचारलं, 'मागच्या मेळाव्याला आला नाहीत भाऊ?' त्यावर एक जण म्हणाला, 'मले कोणी बलावलंच नाही.' त्याची बायको तीन वर्षं नियमित येत होती.

वरून परवानगी लागेल का, ही नव्या सेविकांची भीती असते. पोषण अभियानाच्या समुदाय आधारित कार्यक्रमांत 'सुपोषण दिवस' आहे आणि त्यात पतींना माहिती देण्यावर खास भर द्या असं सूचनांमध्येच आहे. अभियान 2018 मध्ये सुरू झालं तेव्हा अशा एका कार्यक्रमाला 250 रुपये धरले होते. म्हणजे बापाला बोलावणं हे आपलं नेमून दिलेलंच काम आहे. फक्त आपण सुपोषण दिवशीही बायाच बसवतो.

4. वेळ आणि जागा

अंगणवाडीची वेळ ही बापाची वेळ नाही. सकाळी अकराला गावात बसलेला पुरुष एकतर आजारी असतो नाहीतर म्हातारा.

आमच्याकडे जूनमध्ये मृग लागला की पेरणी, मग डवरणी, फवारणी. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं आणि दिवाळीपासून जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी. या काळात दिवसा कार्यक्रम ठेवला तर माणूस मजुरी बुडवून येणार नाही आणि त्याने बुडवूही नये. संध्याकाळी सात ते सव्वाआठ ही वेळ मला सगळ्यात बरी वाटली. त्यानंतर जेवण, आणि काहींची बाटली. आठवडी बाजाराचा दिवस मोहक दिसतो, कारण त्या दिवशी पुष्कळ मजुरांना सुट्टी असते. पण त्याच दिवशी हातात चुकारा पडलेला असतो. बाजाराच्या दिवशी घ्यायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत घ्या.

आणि एक दिवस असा आहे की विदर्भात बाप स्वतःहून लेकराचं बोट धरून घराबाहेर पडतो: तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून निघतात, घरोघर बोजारा (पैसे किंवा खाऊ) मागतात. बैलाला चाकं लावणं, शिंगं रंगवणं, तोरण बांधणं हे सगळं बाप आणि आजे करतात. माझा सगळ्यात भरलेला मेळावा तान्ह्या पोळ्याचा होता. अंगणवाडीच्या अंगणातच लेकरांच्या बैलांची रांग लावली, आणि बैल घेऊन आलेले बाप तिथेच थांबले. एकाला दुसरा 'बायकोचा बैल' म्हणून चिडवत होता. पोळ्याच्या दिवसांत ही शिवी कुणाला लागत नाही, हा फायदाच.

तुमच्याकडे तान्हा पोळा नसेल तर गणेश मंडळ, भजनी मंडळ, कबड्डीचा संघ, यात्रा, काहीतरी असतंच. पुरुष जिथे आधीच जमतात तिथे लेकरू नेणं सोपं पडतं.

जागेबद्दल एवढंच की अंगणवाडीच्या छोट्या खुर्च्यांवर आणि रंगीत चित्रांमध्ये पुरुष अवघडतो. पहिले दोन कार्यक्रम शाळेच्या ओसरीवर किंवा समाजमंदिरात घ्या. समाजमंदिर एका जातीचं मानलं जात असेल तर तिथे नको. मग मोकळं मैदानच बरं.

5. हाताला काम द्या

बोलून बाप येत नाही, आला तर टिकत नाही. त्याच्या हातात काहीतरी द्या.

माझ्या दुसऱ्या मेळाव्यात मी चाळीस मिनिटं 'पहिले हजार दिवस' समजावले. गरोदरपणाचे 270, पहिल्या वर्षाचे 365, दुसऱ्याचे 365, बेरीज बरोबर हजार. माना डोलत होत्या. नंतर कळलं की डुलकीने डोलत होत्या. तिसऱ्या वेळी मी ज्वारीचे धांडे (वाळलेली ताटं) नेले आणि म्हटलं, 'तुम्ही लहानपणी धांड्याची गाडी करायचे ना? करा बरं.' त्यानंतर वीस मिनिटं मला बोलावंच लागलं नाही. कुणाची चाकं फिरत नव्हती, कुणाला जू आठवत नव्हतं, शेजारचा शिकवत होता. गाड्या तयार झाल्यावर म्हटलं, आता लेकरासमोर धरा, ते काय करतं बघा. लेकराने हात पुढे केला की थांबा, त्याला घेऊ द्या. ते काही बोललं तर तुम्हीही बोला. 'आरंभ'मधलं सगळं शिकवणं एवढ्यातच आलं.

बापांकडून चांगल्या होणाऱ्या गोष्टी:

- धांड्याची गाडी, मातीचे बैल, चिंध्यांचा चेंडू, लाकडाचे तासलेले ठोकळे. ठोकळ्याचे कोपरे कानशीने घासून घ्या. धांड्याच्या सालीची धार बोट कापते, म्हणून सोलण्याचं काम मोठ्यांनीच करायचं.
- पाण्याच्या बाटलीचा खुळखुळा. आत तूर किंवा खडे, झाकण चिकटवून वर घट्ट चिकटपट्टी. झाकण निघालं तर खडा लेकराच्या घशात जातो. फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी वापरायची नाही. एकदा एक बाप अगदी प्रेमाने तशीच बाटली घेऊन आला होता, चकचकीत धुऊन. मी ती बाजूला ठेवली आणि मग तोच विषय घेतला.
- दंडाचा घेर मोजणं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरासाठी ती रंगीत पट्टी असते: 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. बापाच्या हातात पट्टी दिली की तो स्वतःच्या लेकराचा रंग स्वतः वाचतो. सेविकेने शंभर वेळा 'वजन कमी आहे' सांगून न हललेला बाप स्वतः मोजलेल्या पिवळ्या रंगाने हलतो, हे मी पाहिलंय. पण लाल आला तर सगळ्यांसमोर बोलू नका. बाजूला घ्या, आणि त्याच आठवड्यात आशाताई किंवा एएनएम (उपकेंद्राची नर्स) त्या घरी जाईल असं बघा.

फवारणीचा विषय आमच्याकडे नाजूक आहे. 2017 च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते गावं विसरलेली नाहीत. पण हा विषय बापाचाच आहे. पंप घेऊन आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलू नये, औषध लेकराच्या हाताला लागणार नाही असं कुलपात ठेवावं, हे त्याला सांगितलं की त्याला कळतं. लेकराबद्दल कुणीतरी आपल्याला विचारतंय, आपल्यालाही काही येतं, असं त्याला पहिल्यांदा वाटतं ते इथे.

6. सोबत काय न्यायचं

- पहिल्या पायरीतली वही
- हजेरीपत्रक, ज्यात 'लेकराशी नातं' हा रकाना असेल
- प्रत्येक लेकराचं माता व बाल संरक्षण कार्ड. बाप ते घरून घेऊन येईल असं निरोपातच लिहा. निम्म्या बापांना ते घरात कुठे ठेवलंय तेही माहीत नसतं, आणि शोधण्यासाठी बायकोला विचारावं लागतं. सुरुवात तिथूनच होते
- वजनकाटा, दंडाची पट्टी
- चटया, सतरंज्या (खुर्च्या नकोत, खुर्चीवर बसलेला माणूस लेकराशी खेळत नाही)
- धांडे, माती, चिंध्या, बाटल्या, सुतळी, कात्री, कानस
- पिण्याचं पाणी, लेकरांसाठी काही खायला
- चहा

चहा आणि खाणं कोण करणार ते आधीच ठरवा. बापांच्या पहिल्या वेगळ्या कार्यक्रमाला आम्ही खिचडी ठेवली, आणि ती शिजवायला त्याच बापांच्या बायका सकाळपासून राबल्या. पुरुषांनी पंगतीत बसून 'बाळसंगोपनात वडिलांचा सहभाग' यावर टाळ्या वाजवल्या. ती खिचडी अजून माझ्या घशात अडकली आहे. तेव्हापासून चहा बापांनीच करायचा असा नियम केला. साखर कधी जास्त होते, होऊ द्या.

7. कार्यक्रमाचा सव्वा तास

पंधरा मिनिटं लोक येण्यात जातात. त्या वेळात लेकरं बापांच्या मांडीवर येऊ द्या आणि धांडे पुढे टाका. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार काही नको. सरपंच आले तर त्यांनाही एक नातू द्या आणि चटईवर बसवा. सरपंचाच्या हाती माइक गेला की घरकुल आणि नळयोजना आलीच म्हणून समजा.

मग अर्धा तास बनवणं आणि खेळणं.

त्यानंतर वीस मिनिटं बोलणं. या वेळात फक्त एक विषय, आणि तोही आयांनी सांगितलेल्यांपैकी. वयानुसार थोडी मदत:

बायको गरोदर असेल तर लोहाच्या गोळ्या तिने रोज घेतल्या का, हे त्याने विचारायचं आणि बाळंतपणाला कोणती गाडी, कोण सोबत, पैसे कुठे, हे आधी ठरवायचं. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे नंबर त्याच्या फोनमध्ये तिथेच साठवून घ्या. पोटातलं बाळ सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज ऐकतं, हे सांगितलं की पुरुष हसतात. मग एखादा हळूच विचारतो, 'माह्या आवाज बी?'

लेकरू सहा महिन्यांच्या आत असेल तर फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. यात बापाचं काम म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांची घुटी अडवणं. ते सुनेला जमत नाही, लेकाला जमतं. बाळ कमी वजनाचं असेल तर कांगारूसारखं उघड्या छातीशी धरणं बापालाही जमतं. दवाखान्यात नर्सला विचारून करायचं.

सहा महिन्यांनंतर घट्ट खिचडी, वरण, अंडं. आणि अंगणवाडीतून मिळणारी घरपोच आहाराची पाकिटं घरात नेमकी कोणाच्या पोटात जातात, हा प्रश्न हसत हसत विचाराच.

वर्षाच्या पुढच्या लेकरासाठी कामं फार सोपी. शेतातून आल्यावर दहा मिनिटं फोन बाजूला. बैलाला काय म्हणतो, ट्रॅक्टरचं काय बिघडलं, ते त्याला सांगायचं. लेकराशी काय बोलावं हे सुचत नाही, असं बाप म्हणतात. पण बैलाशी तासभर बोलणाऱ्या माणसाने ही सबब सांगू नये, असं मी त्यांना सरळ म्हणते. आणखी खेळ हवे असतील तर केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये काढलेल्या 'नवचेतना' आराखड्यात तीन वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी महिन्यावार 140 कृती आहेत. त्यातल्या दोन-तीन निवडा. सगळ्या वाचून दाखवू नका.

बोलणारा पुरुष असेल तर उत्तम. गावातला एखादा बाप, जो खरंच घरी करतो. तो भाषण देणार नाही, पण 'मी रात्री उठतो' एवढं सगळ्यांसमोर म्हणाला तरी काम झालं. पुरुषांशी पुरुषांनी बोलायचं ही वाट नवी नाही. मुंबईतली 'मावा' ही संस्था 1993 पासून स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल पुरुषांमध्येच काम करते. (आमच्याकडे हे नाव घेतलं की लोक आधी तंबाखूचा मावाच समजतात. तेवढा खुलासा करून ठेवा.)

शेवटची दहा मिनिटं: प्रत्येक बापाने येत्या महिन्यात घरी करायची एकच गोष्ट सांगायची. वहीत त्याच्या नावापुढे लिहून घ्या. शपथ वगैरे नको.

8. इथे पाय घसरतो

*फोटोपुरता बाप.* वरून फोटो मागतात म्हणून आपण बापाच्या हातात लेकरू देतो, क्लिक करतो, लेकरू परत आईकडे. दोनदा असं झालं की गावाला कळतं हे नाटक आहे. फोटो शेवटी काढा, विचारून काढा, आणि लेकराचं नाव घालून कुठेही टाकू नका.

*फाजील कौतुक.* एका बापाने लेकराला शी केल्यावर धुतलं म्हणून आम्ही त्याला टाळ्या वाजवल्या. मागे उभी असलेली त्याची बायको म्हणाली, 'मी दोन लेकरं धुतली मॅडम, माह्यासाठी कोणी वाजवल्या नाही.' त्यानंतर मी टाळ्या बंद केल्या.

*सगळ्यांसमोर हिशेब.* 'सांगा ताई, हे घरी काय मदत करतात?' असं नवऱ्यादेखत कधीही विचारू नका. ती घरी त्याच्याबरोबरच जाणार आहे. आणि 'मदत' हा शब्दही जमेल तेवढा टाळा. स्वतःच्या लेकराला सांभाळणाऱ्याला मदतनीस कसं म्हणायचं?

*सासूला विसरणं.* लेकाने लंगोट धुतलेला आईला बघवत नाही. आजीला आधीच्या आठवड्यात भेटा, तिच्याकडून अंगाईची एखादी ओळ घ्या, मेळाव्यात तिलाच गायला लावा. ती आपल्या बाजूला आली की अर्ध्या कटकटी गेल्या.

*दारू पिऊन आलेला.* त्याच्याकडे लेकरू देऊ नका, त्याला हाकलूही नका. एखाद्या वडीलधाऱ्याने बाजूला नेऊन बसवावं. हे कोण करणार ते आधीच ठरलेलं असू द्या.

9. वडील नसलेल्या आणि बाहेरगावी असलेल्या घरांचं

शेतकरी आत्महत्यांमुळे आमच्या भागात अशी घरं आहेत की जिथे लेकराला बापाचा फोटोच माहीत आहे. पहिल्या वर्षी मी कार्यक्रमाचं नाव 'बाबांचा दिवस' ठेवलं होतं. एक चार वर्षांची मुलगी दारात उभी राहिली, तिला आत यावं की नाही ते कळेना. तिची आई तिला न बोलता घेऊन गेली. मी नाव त्याच आठवड्यात बदललं.

निरोपात 'बाबा, आजोबा, मामा, काका, मोठा भाऊ' असं सगळं लिहा. वहीतल्या त्या रकान्यातल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन आईला विचारा, कोणाला बोलावू? काही जणी म्हणतात, मीच येते. तर त्या येतील. दिराचं नाव आपल्या मनाने सुचवू नका. जमिनीवरून त्यांच्यात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं.

पुण्या-मुंबईला असलेल्या बापांसाठी मी व्हिडिओ कॉल करून बघितला. गोंगाटात काही चाललं नाही. त्यापेक्षा रोज रात्री ठरावीक वेळी बापाने फोनवर एकच गोष्ट किंवा एकच गाणं, तेच तेच, महिनाभर म्हणायचं, हे चाललं. लेकरं आवाज ओळखून फोनकडे हात करू लागली. ते दिवाळीला आणि पोळ्याला गावी येतात, तेव्हा त्यांच्यासाठी अर्ध्या तासाची वेगळी बैठक ठेवा.

नोकरीतल्या बापांना रजेचंही सांगा, पुष्कळांना माहीत नसतं. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला, दोनपेक्षा कमी मुलं असतील तर, 15 दिवसांची पितृत्व रजा असते. ती बाळंतपणाआधी 15 दिवसांपासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत बापासाठी अशी कायद्याने ठरवलेली रजा नाही. कंपनीचे नियम विचारावे लागतात, आणि विचारायला लाजू नका असं त्यांना सांगावं लागतं.

10. नंतरचा महिना

पंधरा दिवसांनी गृहभेट द्या, तो घरी असेल त्या वेळी. वहीत लिहिलेली एक गोष्ट झाली का, एवढंच विचारा. उत्तर आधी लेकराच्या वागण्यात बघा. बाप घरात आल्यावर लेकरू त्याच्याकडे झेपावतं की आईच्या मागे लपतं, ते दारातच दिसतं. नाही झालं म्हणाला तर 'बरं, काय आडवं आलं?' असं विचारा. बऱ्याचदा आडवं आलेलं काहीतरी खरंच असतं: पाणी रात्री येतं, डबल पाळी आहे, आईने ओरडलं.

हजेरीत 'वडील आले' याच्या संख्येवर खूश होऊ नका. मी दुसरी एक संख्या ठेवायला लागले होते: लसीकरणाच्या दिवशी लेकराला कोण घेऊन आलं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस असतात, बाया रांगेत उभ्या असतात. त्या रांगेत कोणी न सांगता बाप दिसला की मी वहीत एक खूण करायचे. पहिल्या वर्षी दोन खुणा होत्या.

पहिल्या मेळाव्याला तीनच आले तर कार्यक्रम रद्द करू नका, पुढच्या तारखेवरही ढकलू नका. तिघांबरोबर पूर्ण सव्वा तास घ्या. ते दुसऱ्या दिवशी टपरीवर धांड्याच्या गाडीबद्दल बोलतात आणि पुढच्या वेळी सात येतात. आठवा गाडीवर बसून बाहेर थांबलेला असेल. जाऊन त्याच्या हातात धांडा द्या.